वंशावळीचा उपयोग काय?

मनुष्याने आपल्या वाडवडिलांचा अभिमान बाळगावा की नाही, हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे उत्तर दोन तऱ्हांनी देण्यात येते. कित्येक म्हणतात, ज्याला आपल्या पूर्वजांचे नाव ठाऊक नाही तो वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखा होय. दुसरे म्हणतात, आजोबा शहाणे होते म्हणून नातवाचे शेत नांगरले जात नाही; पूर्वजांची थोरवी सांगत बसणे हे आळशाचे काम आहे. या दोन्ही बोलण्यांत काही तथ्य आहे, आणि म्हणूनच कोणत्याही एकाने मनाचे समाधान होत नाही. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतही हा प्रश्न वारंवार उभा राहतो. सोयरीक जुळविताना, पंच निवडताना, इतकेच नव्हे तर उपासनेच्या वेळी सतरंजीवर कोणी कोठे बसावे यातसुद्धा तो गुपचूप येऊन बसतो. त्याचा विचार आज आम्ही एका दूरच्या, लहानशा समाजाच्या उदाहरणावरून करणार आहो. शेजाऱ्याच्या अंगणातील केर आपल्याला लवकर दिसतो. तो पाहून आपल्या अंगणात झाडू फिरविण्याची बुद्धी झाली, तर हे उदाहरण घेतल्याचे सार्थक होईल.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यास एक जुनी पडकी इमारत आहे. तिला लोक डच वखार म्हणतात. हॉलंड देशातील व्यापारी कंपनीने सन १६३७ मध्ये तेथे आपले ठाणे घातले. त्याच कंपनीने सन १६५६ मध्ये लंकेतील कोलंबो शहर पोर्तुगीजांपासून जिंकून घेतले, आणि पुढे एकशेचाळीस वर्षे त्या बेटाच्या किनाऱ्यावर राज्य केले. वेंगुर्ल्यास डचांची भिंत तेवढी उरली. लंकेत मात्र त्यांची माणसे उरली. सन १७९६ मध्ये इंग्रजांनी कोलंबो घेतले, तेव्हा कंपनीच्या नोकरांपैकी काही बटाव्हियास निघून गेले. परंतु ज्यांची घरे, बायकामुले आणि थडगी त्या भूमीत होती, ते तेथेच राहिले. त्यांच्या वंशजांस ‘बर्गर’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ नगरवासी. कंपनीच्या चाकरीत नसलेल्या, शहरात स्वतंत्रपणे राहून धंदा करणाऱ्या लोकांस डच अमलात हे नाव होते. पुढे ते साऱ्या समाजास पडले.

इंग्रजी अमलात या लोकांनी इंग्रजी भाषा लवकर आत्मसात केली. कचेऱ्यांतील कारकून, रेल्वे, जकात व टपाल खात्यांतील अधिकारी, डॉक्टर आणि वकील यांत त्यांची संख्या मोठी असे. लंकेच्या कायदे कौन्सिलात सन १८३३ पासून त्यांना एक जागा होती. तथापि विसावे शतक उजाडले तेव्हा त्यांच्यातील विचारी पुरुषांस काळजी वाटू लागली. सिंहली व तामिळ तरुण शिकून पुढे येत होते. वर इंग्रज बसलेला होता. आणि मध्ये हा मूठभर समाज, ज्याला आपले आजोबा कोण हे नीटसे सांगता येईना, आणि आजोबांची भाषा तर मुळीच बोलता येईना. आपण कोण आहोत, असे मुलाने विचारल्यास काय सांगावे? या काळजीतून सन १९०८ मध्ये कोलंबो येथे ‘डच बर्गर युनियन’ नावाची संस्था स्थापन झाली. तिचा मुख्य चालक रिचर्ड जेराल्ड अँथनिझ हा होता. हा गृहस्थ सरकारी दफ्तरखान्याचा अधिकारी असून, डच अमलातील जुनी कागदपत्रे लावण्यात त्याने आपले आयुष्य घालविले होते.

संस्थेने जे काम केले त्याचे श्रेय तिला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. तिने एक नियतकालिक काढले आणि त्यात एकामागून एक घराण्यांच्या वंशावळी छापल्या. वाळवीने खाल्लेल्या वह्यांतून बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या नोंदी शोधून काढणे, एकाच नावाची तीन माणसे असल्यास त्यांतील कोणता कोणाचा बाप हे ठरविणे, थडग्यांवरील पुसट अक्षरे वाचणे, हे काम किती कष्टाचे आहे हे ज्या उपदेशकाने आपल्या मंडळीची जुनी वही एकदा तरी उघडून पाहिली असेल त्यास सांगावयास नको. याशिवाय संस्थेने समाजातील गरीब कुटुंबांस साह्य केले, जुन्या चालीरीतींस उत्तेजन दिले, आणि डिसेंबरच्या पाचव्या तारखेस संत निकोलसाचा मुलांचा सण भरविण्याची प्रथा चालविली. तिची इमारत कोलंबोत आजही उभी आहे व संस्था चालू आहे. स्मरण ठेवणे हे स्वतःच एक सत्कर्म आहे. मेलेला मनुष्य आपल्याला काही देऊ शकत नाही; तेव्हा त्याची आठवण जो ठेवतो तो परतफेडीच्या आशेवाचून ठेवतो, हे विसरता कामा नये.

आता प्रश्न असा की, या सत्कर्मात दोष कोठे शिरला? तो नियमाच्या वाटेने शिरला. संस्था म्हटली की सभासद कोण हे ठरविणे आले. डच कंपनीच्या अमलात लंकेत आलेल्या एखाद्या युरोपियन पुरुषाचा जो पितृपरंपरेने वंशज, तो डच बर्गर, असे ठरले. हा विचार नवा नव्हता. सन १८३० मध्ये लंकेचे मुख्य न्यायाधीश रिचर्ड ऑटली यांनीही बर्गर कोणास म्हणावे हे सांगताना असेच मत दिले होते की, बाप, आजा, पणजा असे वर जाता जाता मूळ पुरुष युरोपियन निघाला आणि विवाह विधिपूर्वक झालेले असले, तर मग माता कोणीही असो, संतती बर्गरच.

‘माता कोणीही असो!’ या तीन शब्दांवर वाचकांनी थोडे थांबावे. कंपनीच्या गलबतांतून शिपाई, खलाशी आणि कारकून आले. स्त्रिया फार थोड्या आल्या. म्हणून या पुरुषांनी लग्ने केली ती लंकेतच. पुष्कळांनी पोर्तुगीज वंशाच्या मिश्र कुटुंबांतील मुलींशी केली, आणि काहींनी देशी ख्रिस्ती मुलींशी. बरे, हे पुरुष तरी सारे डच होते काय? तेही नाही. कंपनीच्या चाकरीत जर्मन होते, फ्रेंच होते, डेन होते, स्वीड होते. एवंच, ज्याला शुद्ध डच धागा म्हणून जपून ठेवले तो मुळातच अनेक पदरी होता, आणि ज्या हातांनी तो कातला ते हात बहुतांशी डच नव्हतेच.

याचा पुरावा पाहिजे असल्यास भाषेकडे पाहावे. डच सरकारला आपली भाषा चालावी असे फार वाटे. परंतु बाप दिवसभर वखारीत किंवा किल्ल्यात असे, आणि मूल आईजवळ असे. आई बोले पोर्तुगीज; म्हणून मूलही पोर्तुगीजच बोले. ज्यांची आडनावे अस्सल डच, त्यांच्या घरांत एकोणिसाव्या शतकातही मोडकी पोर्तुगीज चालू होती. राज्यकर्त्यांचे हुकूम हरले आणि आयांची अंगाई जिंकली. दुसरा पुरावा स्वयंपाकघरातला. रवा, काजू, अंडी व मसाले घालून भाजलेला जो गोड केक बर्गर घरांत सणाला करितात, तो पोर्तुगीज वळणाचा आहे. केळीच्या पानात भात, मांसाचे गोळे, वांग्याची भाजी आणि चटणी बांधून भाजण्याचा जो ‘लॅम्प्राय’ नावाचा पदार्थ या समाजाची खूण म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचे नाव डच वळणाचे असले, तरी ते पान, तो भात आणि तो मसाला पूर्वेचाच. पितरांची नावे वहीत राहिली. मातांची आठवण चुलीजवळ राहिली. आता विचारावयाचे ते हे की, ज्या वारशाचे रक्षण करण्यास ही माणसे बसली होती, तो वारसा अधिक खरा कोठे सापडतो: वहीत की चुलीजवळ?

या नियमाचा दुसरा परिणाम अधिक दुःखाचा झाला. लंकेत बर्गर दोन प्रकारचे आहेत. पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोवा येथे पोर्तुगीज वंशाचे बर्गर राहतात. ते पिढ्यान् पिढ्या सुतार, लोहार, शिंपी आणि यंत्रे दुरुस्त करणारे म्हणून पोट भरीत आले. कोलंबोतील कचेरीवाल्या बर्गरांनी त्यांस जवळ केले नाही. ‘मेकॅनिक’ हा धंद्याचा शब्दच त्यांच्यासाठी तुच्छतेने वापरला जाई. डच बर्गर युनियनच्या व्याख्येत तर ते बसतच नव्हते. आणि गंमत ही की, ज्या पोर्तुगीज भाषेत कोलंबोकरांच्या आज्या बोलत असत, ती भाषा शेवटपर्यंत ज्यांनी घरात टिकविली ते हेच कारागीर! त्यांनी ती वहीत लिहून नव्हे, तर लग्नांतील नाचगाण्यांत, प्रार्थनेत आणि हातोड्याच्या ठोक्याबरोबर बोलून टिकविली. सन २००४ च्या डिसेंबर महिन्यात समुद्राच्या महापुराने याच लोकांच्या वस्तीवर घाला घातला, आणि त्यांच्यातील पुष्कळ जण बुडाले. वाचलेल्यांनी पुन्हा घरे उभारली. वारसा जपणारे म्हणून ज्यांचे नाव कोणी घेत नाही, तेच कित्येकदा तो खरा जपीत असतात.

असे उदाहरण आपल्या प्रांतातही आहे. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचे गाव आहे. पोर्तुगीजांनी चौल सोडले सन १७४० मध्ये. परंतु त्या गावातील ख्रिस्ती लोक आपसात आजही पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलतात, आणि तिच्यात मराठीचे पाणी चांगलेच मुरलेले आहे. ज्या राज्याची ती खूण, ते राज्य गेले. तरी आईने लेकराशी त्या बोलीत बोलणे सोडले नाही, एवढ्याच कारणाने ती अडीचशेहून अधिक वर्षे जगली.

आता लंकेकडे परत वळू. सन १९४८ मध्ये तो देश स्वतंत्र झाला, आणि सन १९५६ मध्ये सिंहली हीच एकटी सरकारी भाषा, असा कायदा झाला. ज्यांचे सारे आयुष्य इंग्रजीवर चालले होते त्या बर्गरांस आपल्या मुलांच्या पुढच्या भाकरीची चिंता पडली, आणि पुष्कळांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली. पण त्या देशाचे धोरण त्या काळी असे की, गोऱ्यांवाचून इतरांस वस्तीसाठी घ्यावयाचे नाही. मिश्र वंशाच्या मनुष्याने आपल्यात तीन-चतुर्थांश किंवा अधिक युरोपियन रक्त आहे हे दाखवावे, शिवाय दिसण्यातही तो युरोपियनासारखा असावा, अशी अट होती. तेव्हा संस्थेच्या नियतकालिकातील त्या वंशावळी कामास आल्या. ज्या आठवण म्हणून लिहिल्या, त्या परवाना म्हणून दाखविण्यात येऊ लागल्या.

यात त्या गरजवंत बापांस आम्ही दोष देत नाही. मुलांसाठी माणूस काय करीत नाही! परंतु या प्रसंगातील बोचरी गोष्ट आपण नजरेआड करू नये. आता केवळ पितृपरंपरेने भागत नव्हते. आता मातेचे रक्तही तोलले जात होते. इतकी वर्षे जिचे नाव ‘कोणीही असो’ म्हणून सोडून दिले, तिच्याविषयी परदेशातील कारकुनाने विचारले, ‘ती कोण होती?’ आणि तो आदराने विचारीत नव्हता. ती जितकी सावळी, तितका नातवाचा दरवाजा बंद. वंशावळीच्या जोरावर ज्यांनी दुसऱ्यास दाराबाहेर ठेवले होते, त्यांस त्याच वंशावळी हातात घेऊन दुसऱ्याच्या दाराबाहेर उभे राहावे लागले. ज्या मापाने आपण मोजतो, ते माप एके दिवशी आपल्यासाठी बाहेर काढण्यात येते, हे जगाच्या इतिहासात वारंवार दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियाने ते अन्यायाचे धोरण सन १९७३ मध्ये पुरतेपणी सोडून दिले. लंकेत सन २०१२ च्या खानेसुमारीत दोन कोटींहून अधिक लोकसंख्येत बर्गर सुमारे ३८ हजार भरले.

कोणी म्हणेल, ‘मग तुमच्या मते वंशावळी जाळून टाकाव्या काय? ज्या समाजाची संख्या मूठभर, त्याने कुंपण घातले नाही तर तो मिसळून नाहीसा होईल. लहान रोपाला काट्यांचे कुंपण लागतेच.’ हा आक्षेप हलका नाही, आणि त्यास उडवून लावणे योग्य होणार नाही. मोठ्या समाजास आपली आठवण ठेवण्यासाठी संस्था काढावी लागत नाही. त्याची आठवण शाळेतील पुस्तकांत, सणांत आणि रस्त्यांच्या नावांत आयतीच राहते. लहान समाजाने स्वतः जपले नाही तर त्याचे कोणीच जपीत नाही. म्हणून अशी संस्था काढण्याचा त्यांना हक्क होता, इतकेच नव्हे, ते त्यांचे कर्तव्य होते असे आम्ही म्हणू.

परंतु कुंपण रोपासाठी असते, रोप कुंपणासाठी नसते. आठवण आणि मालकी या दोन गोष्टी भिन्न आहेत. ‘माझ्या आजोबांनी हे केले, म्हणून मी ऋणी आहे,’ असे जो म्हणतो तो वंशावळीचा सदुपयोग करितो. ‘माझ्या आजोबांनी हे केले, म्हणून तू माझ्या बरोबरीचा नाहीस,’ असे जो म्हणतो तो आजोबांचे कर्तृत्व आपल्या नावावर चढवून घेतो. पहिल्यास वारसा म्हणजे फेडावयाचे कर्ज वाटते. दुसऱ्यास ती बसून खाण्याची इस्टेट वाटते. कर्जदाराला हिशेब खरा ठेवावा लागतो. खरा हिशेब ठेवणारा बर्गर आपल्या मुलास हेही सांगेल की, आपल्या पूर्वजांनी न्यायाची कचेरी उभारली हे खरे. परंतु त्यांच्या घरी गुलामही राबत होते, आणि ज्या ठिकाणी त्या गुलामांस रात्री ठेवीत, त्या कोलंबोतील भागाचे इंग्रजी नाव ‘गुलामांचे बेट’ असेच पडले. ज्या वंशावळीत केवळ गौरव आहे ती वंशावळ नव्हे. ती स्वतःची जाहिरात आहे.

वारशाचा खर्च कसा करावा, हेही त्याच समाजातील काही पुरुषांनी दाखविले आहे. चार्ल्स अँब्रोज लोरेन्झ (१८२९–१८७१) हा वकील कायदे कौन्सिलात बर्गरांचा प्रतिनिधी होता. सन १८५९ मध्ये त्याने मित्रांच्या साह्याने एक इंग्रजी वर्तमानपत्र विकत घेतले, आणि ते साऱ्या लंकावासीयांची बाजू मांडणारे केले. सन १८६४ मध्ये देशाच्या पैशाचा खर्च देशातील लोकांस न विचारता होतो, या कारणासाठी त्याने इतर सभासदांबरोबर कौन्सिलातील जागा सोडली. आल्फ्रेड बुल्टजेन्स हा केंब्रिजला शिकलेला बर्गर. त्याने पुढे बौद्ध मत स्वीकारले, म्हणून धर्मदृष्ट्या तो आम्हांपासून दूर गेला. तथापि सन १८९३ मध्ये कोलंबोतील छापखान्यांच्या कामगारांचा, म्हणजे त्या देशातील पहिला, मजूरसंघ उभारण्यात तो पुढे होता, हे सांगणे न्यायाचे आहे. डॉक्टर रिचर्ड लायोनेल स्पिटेल (१८८१–१९६९) हे नामांकित शस्त्रवैद्य; त्यांनी रानात राहणाऱ्या वेद्दा लोकांची शुश्रूषा केली आणि त्यांच्याविषयी पुस्तके लिहिली. या तिघांस आपला वंश ठाऊक नव्हता असे नाही. परंतु त्यांनी आपले शिक्षण आणि आपली प्रतिष्ठा, जी वडिलांकडून आली होती, ती वडिलांच्या वंशाबाहेरील माणसांसाठी खर्च केली. म्हणूनच त्यांचे नाव घेताना ज्याच्या त्याच्या मनात आदर उत्पन्न होतो, आणि त्यांच्या समाजाचेही नाव त्यामुळे राहते. वारसा साठवून ठेवला तर कुजतो; पेरला तर उगवतो.

डच अमलातील आणखी एक गोष्ट उपदेशकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी लंकेच्या किनाऱ्यावर शाळांतून बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी मोठ्या काळजीने ठेवीत; त्यांस ‘थोंबो’ म्हणत. विवाह शाबीत करण्यास, वडिलोपार्जित जमीन मिळण्यास आणि सरकारी हुद्दा मिळण्यास त्या नोंदी उपयोगी पडत. म्हणून पुष्कळांनी नावे लिहविली. इंग्रज आले, नोंदीचा उपयोग उरला नाही, आणि थोड्याच वर्षांत ते ‘ख्रिस्ती’ दिसेनासे झाले. वह्या शिल्लक होत्या. माणसे शिल्लक नव्हती. तेव्हा वहीत नाव असणे आणि वहीच्या अर्थाने जगणे यांत किती अंतर आहे, हे निराळे सांगावयास नको.

वाचकहो, आता आपल्या अंगणाकडे पाहू. आपल्या देशात वंशावळींस तोटा नाही. तीर्थक्षेत्रांतील उपाध्यांच्या वह्या आहेत, हेळव्यांची व भाटांची पाठांतरे आहेत, मोठमोठ्या घराण्यांचे छापील कुलवृत्तान्त आहेत. परंतु ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले, त्यांच्यातील किती जणांची नावे कोणत्या दप्तरात लिहिली गेली? पुष्कळ घरांची पहिली लेखी नोंद म्हणजे मंडळीतील बाप्तिस्म्याची वही. ज्या मनुष्यास गावाने नुसते ‘अरे’ म्हणून हाक मारली, त्याचे पुरे नाव, त्याच्या बायकोचे नाव, त्याच्या लेकरांची नावे पहिल्याने तेथे शाईने लिहिली गेली. म्हणून ती वही भिजू देऊ नका, उंदरांस खाऊ देऊ नका. कोलंबोच्या अँथनिझप्रमाणे तिची काळजी घ्या.

परंतु तीच वही हातात घेऊन ‘आमचे घराणे या गावातील पहिले, तुम्ही काल आलेले,’ असे बोलणे आपल्या मंडळ्यांत ऐकू येत नाही काय? पूर्वाश्रमीची जात सोडली असे तोंडाने म्हणावयाचे, आणि सोयरीक करताना मात्र तीच हळूच चौकशीस आणावयाची, हे घडत नाही काय? अमक्या वस्तीतले लोक अमक्या विहिरीचे, म्हणून त्यांच्या पंगतीस बसताना कपाळाला आठी पडत नाही काय? ज्या मापाने गावाने आपल्या आजोबांस वेशीबाहेर ठेवले, तेच माप आपण उचलून आपल्या भावास लावीत असू, तर गाव सुधारला नाही असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही. कोलंबोकराने बट्टिकलोवाच्या सुतारास जवळ केले नाही, हे वाचून आपल्याला वाईट वाटले ना? तर मग आपला बट्टिकलोवाचा सुतार कोण, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

मत्तयाने शुभवर्तमानाच्या आरंभी जी वंशावळ दिली आहे, ती पुष्कळ जण घाईने ओलांडून पुढे जातात. वास्तविक ती हळू वाचण्याजोगी आहे. ती बापांच्या नावांनी चालते खरी. परंतु मध्येच थांबून यरीहोची राहाब आणि मवाबी रूथ यांची नावे घेते. परक्या देशातील स्त्रिया, ज्यांस दुसऱ्या कोणी सहज गाळले असते, त्यांस त्या लेखकाने लपविले नाही. लिहिणाऱ्यास आपला वंश शुद्ध दाखवावयाचा नव्हता. देवाची कृपा कोणाकोणाच्या दारातून चालत आली हे दाखवावयाचे होते. वंशावळ लिहिण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. ज्या घरी अजून म्हातारी माणसे आहेत, त्यांनी ती हयात आहेत तोवर त्यांच्याकडून नावे विचारून लिहून ठेवावी. लिहिताना आजीचे, पणजीचे आणि त्यांच्या माहेरचे नाव अवश्य लिहावे; ‘माता कोणीही असो’ असे आपल्या वहीत होऊ देऊ नये. घराण्यात जे चांगले घडले ते लिहावे, आणि जे वाईट घडले, कोणाचे देणे बुडविले, कोणाशी वैर धरले, तेही झाकू नये. म्हणजे मुलांस अभिमानाबरोबर शहाणपणही मिळेल. ज्या ओव्या, ज्या म्हणी, जे पदार्थ आणि जी हातची कसबे वाडवडिलांकडून आली, ती टाकाऊ समजून फेकू नयेत. ती वहीत मावत नाहीत, म्हणून मुलांच्या जिभेवर आणि हातांत ठेवावी. आणि मंडळीच्या वडिलांनी हे ध्यानात धरावे की, वहीच्या शेवटी जी कोरी पाने आहेत ती पुढे येणाऱ्यांची आहेत. पहिल्या पानावर आपल्या आजोबांचे नाव आहे म्हणून त्या कोऱ्या पानांची मालकी आपल्याकडे येत नाही. उद्या कोणी नवे कुटुंब दारात येऊन उभे राहिले, तर ‘तुम्ही कोणाचे?’ असे विचारण्याआधी त्यांस बसावयास सतरंजी द्यावी. नाव मागाहून लिहिता येते.